पोहणाऱ्यांच्या दुखापती आणि मॅन्युअल थेरपी: आधी काय, नंतर काय आणि कुठे थांबायचं

नियमित पोहणाऱ्या प्रौढांचा खांदा दुखू लागला की पुढचा प्रकार बहुतेक ठरलेला असतो. दोन-तीन आठवडे दुखणं अंगावर काढायचं, मग एकदा जोरकस मालिश करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी हात हलका वाटतो म्हणून नेहमीचे सगळे लॅप मारायचे आणि आठवड्याच्या आत पुन्हा टेबलावर पडायचं. यात दर वेळी उपचारच चुकलेला असतो असं नाही, चुकलेला असतो तो क्रम.

मॅन्युअल थेरपीत स्नायूंचा मसाज, दुखऱ्या बिंदूवर धरून ठेवलेला दाब, सांधा हलक्या झोक्यांनी हलवणं म्हणजे मोबिलायझेशन, झटक्याने मोकळा करणं म्हणजे मॅनिप्युलेशन आणि दुसऱ्याच्या मदतीने दिलेला ताण एवढं सगळं येतं. या साऱ्याचा परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेवर होतो. आखडून धरलेला स्नायू सैल सोडला जातो, दुखणं उतरतं, हात जास्त वर जातो. हा फरक काही तास टिकतो, फार तर दोन-तीन दिवस. ‘गाठ फोडली’, ‘हाड जागेवर बसवलं’ असं सांगितलं जातं, पण आत तसं काही घडत नाही आणि थकलेला स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाताच्या दाबाने बळकटही होत नाही. म्हणून उपचारानंतरचे ते मोकळे तास व्यायामासाठी वापरायचे असतात. ते तसेच गेले तर पुढच्या वेळी सुरुवात पुन्हा तिथूनच होते.

## टप्पा १: हे हातांचं काम आहे का?

थेरपिस्टकडे जाण्याआधी खालीलपैकी काही लागू नाही ना, ते बघा. एकही लागू असेल तर आधी डॉक्टर.

- हात अचानक सुजला, जड झाला, निळसर पडला, खांद्या-छातीवरच्या शिरा उठून दिसू लागल्या. हात सतत डोक्यावर नेणाऱ्या खेळाडूंमध्ये गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा हाताला मसाज अजिबात नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, विशेषतः लांबचा प्रवास किंवा आजारपण झाल्यावर. इथेही गुठळीचीच शंका असते.
- डावा खांदा किंवा हात जिना चढताना, भराभर चालताना भरून येतो आणि थांबल्यावर उतरतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम. हात न हलवताही श्रमाने येणारं दुखणं खांद्याचं नसून हृदयाचं असू शकतं. पोहणाऱ्यांना ‘खांदाच असेल’ असं वाटणं सोपं, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं.
- मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी न झालेली तीव्र कळ आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास.
- झटका बसून किंवा पडून हात वर उचलताच येत नाही. पन्नाशीनंतर स्नायुबंध पूर्ण फाटल्याची शक्यता जास्त.
- विश्रांतीतही न थांबणारं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, कारणाशिवाय घटलेलं वजन.
- कंबरदुखीबरोबर जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पायांतली ताकद कमी होणं.

रक्त पातळ होण्याची औषधं, ठिसूळ हाडं, संधिवात, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर उपचार होऊ शकतात, पण दाब आणि तंत्र बदलावं लागतं. थेरपिस्टने विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

तपासा: कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत दुमडा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखऱ्या बाजूचा पंजा खूप कमी जातो आणि दुसऱ्याने हलवून दिला तरी पुढे सरकत नाही, असं असेल तर हे पोहण्याचं दुखणं नसून सांधा आखडण्याचा, म्हणजे फ्रोझन शोल्डरचा प्रकार असू शकतो. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, तो बराच दिसतो. त्याचा मार्ग वेगळा, वेळापत्रकही वेगळं.

## टप्पा २: दुखणं मोजून ठेवा

‘बरं वाटतंय’ हे मोजमाप नव्हे. पहिल्या भेटीआधी आठवडाभर एवढं लिहून ठेवा: किती मीटर झाल्यावर दुखायला लागतं, स्ट्रोकच्या कुठल्या क्षणी, ० ते १० मध्ये किती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उरतं.

स्ट्रोकमधला क्षण फार उपयोगी असतो. हात पाण्यात शिरताना किंवा पाणी पकडताना खांद्याच्या पुढच्या-वरच्या बाजूला कळ येत असेल, तर हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे पडतोय का आणि अंगठा आधी पाण्यात जातोय का, ते पाहावं लागतं. या दोन्ही सवयींमुळे हात आत वळलेल्या स्थितीत पुढे ढकलला जातो आणि खांद्याच्या टोकाखालचा स्नायुबंध घासला जातो. पहिल्या लॅपला ठीक असून सेटच्या शेवटी दुखत असेल तर थकव्याचा वाटा मोठा आहे. मालिशीने तो भरून निघत नाही.

मग तीन चाचण्या करा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहा.

1. पाठीमागून अंगठा कण्यावर किती वर जातो.
2. उताणं झोपून दंड खांद्याच्या रेषेत, कोपर ९० अंशांत. हात पायांच्या दिशेने किती खाली जातो (आत वळणं) आणि डोक्याच्या दिशेने किती मागे जातो (बाहेर वळणं), हे फोनमधल्या कोनमापकाने मोजा. खांदा जमिनीवरून उचलू देऊ नका.
3. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, कंबर भिंतीला टेकलेली. दोन्ही हात सरळ वर. अंगठे भिंतीला लागतात का? बरगड्या पुढे येतात का?

दुसऱ्या चाचणीत लोक फसतात. दुखऱ्या हाताचं आत वळणं १५–२० अंशांनी कमी दिसलं की लगेच ताणायला घेतात. पण त्याच हाताचं बाहेर वळणं तेवढंच जास्त असेल, तर एकूण फेर सारखाच आहे, तिथे ताणण्यासारखं काही नाही. एकूण फेरच कमी असेल तर मात्र मागची बाजू आखडलेली आहे.

## टप्पा ३: पाण्यातला भार आधी कमी करा

ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते. भार तसाच ठेवून केलेल्या उपचाराचं यश-अपयश कळतच नाही.

पहिल्यांदा पॅडल, म्हणजे तळव्यांवर बांधायच्या पट्ट्या, बंद. पुल बॉय, म्हणजे मांड्यांत धरायचा तरंगता ठोकळा, तोही बंद, कारण पायांचा मारा थांबला की सगळं ओढकाम खांद्यांवर येतं. बटरफ्लाय बंद. किकबोर्ड ‘हातांना आराम’ म्हणून वापरला जातो, पण हात सरळ पुढे धरून बोर्डवर भार टाकला की दुखरा खांदा नेमका नको त्या स्थितीत दाबला जातो. किक करायचीच असेल तर हात बाजूला ठेवून, कुशीवर किंवा पाठीवर. छोटे फिन, म्हणजे पायात घालायचे पंख, चालतील, त्याने हातांवरचा भार उतरतो.

एकूण अंतर निम्म्यावर आणा, वेगाचे सेट काढून टाका. पूर्ण विश्रांतीची गरज क्वचितच पडते. महिनाभर पाण्यात उतरायचं नाही आणि मग एकदम जुन्या अंतरावर यायचं, हा दुखापत परत ओढवून घेण्याचा हमखास मार्ग.

सावधान: उपचाराच्या दिवशी किंवा पोहण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नका. दाब किती सहन होतो, हालचाल कुठे दुखते, हे शरीर सांगतच नाही. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधं मात्र मनाने थांबवू नका.

## टप्पा ४: पहिली भेट

नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट निवडा. मसाज चांगला जमणारे हात आणि दुखापतीचं निदान करणारे हात एकच असतील असं धरून चालू नका. पोहणाऱ्यांसोबत काम केलेलं असेल तर उत्तम, नाही तरी चालेल, पण त्या व्यक्तीने हात लावण्याआधी तपासणी केली पाहिजे. आल्या आल्या पालथं झोपवून मालिश सुरू झाली, तर जागा बदला.

सोबत न्यायच्या गोष्टी: आठवड्याची नोंद, चाचण्यांचे आकडे, खांदा मोकळा राहील असा कपडा आणि पाण्यातला व्हिडिओ. समोरून आणि बाजूने प्रत्येकी एक-दोन लॅपचा, शक्यतो थकल्यानंतरचा, कारण ताज्या हाताचा स्ट्रोक सगळ्यांचाच बरा दिसतो. श्वास कोणत्या बाजूला घेता, आठवड्याला किती मीटर पोहता आणि गेल्या दोन महिन्यांत काय वाढवलं, हेही सांगा. पोहून थेट जाणार असाल तर क्लोरिन धुऊन, अंग कोरडं करून जा. ताजी शेव्ह केलेली, पुरळ आलेली किंवा जखम असलेली त्वचा असेल तर त्या भागावर तेल आणि घर्षण नको.

## टप्पा ५: टेबलावरचा क्रम

खांद्याच्या बाबतीत दुखऱ्या जागेपासून सुरुवात करणं हीच पहिली चूक. सोयीचा क्रम असा:

पाठीचा वरचा भाग आणि बरगड्या. इथला कणा मागे वळत नसेल तर हात पूर्ण वर जाण्यासाठी खांद्याला जादा वाकावं लागतं. तिसऱ्या चाचणीत अडकणाऱ्यांना इथल्या मोबिलायझेशननेच बऱ्याचदा लगेच फरक दिसतो.

छातीचा छोटा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू. छातीचा छोटा स्नायू आखडला की फरा, म्हणजे पाठीवरचं तिकोनी हाड, पुढे झुकतो आणि खांद्याच्या टोकाखालची जागा कमी होते. काखेच्या मागच्या कडेने खाली जाणारा रुंद स्नायू पोहणाऱ्यांत राबून राबून घट्ट होतो आणि हात वर जाऊ देत नाही. दोन्हींवर ६० ते ९० सेकंद स्थिर दाब, मग हात हळू हलवत दाब. काखेच्या खळग्यात बोट खुपसायचं नाही, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात.

खांद्याची मागची बाजू. इथे दाब दिला की कळ दंडात उतरते, ते अपेक्षित आहे. पंजापर्यंत मुंग्या येत असतील तर नाही, लगेच सांगा.

सर्वांत शेवटी खुद्द सांधा, आणि तोही आखडलेला असेल तरच.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बऱ्याच पोहणाऱ्यांच्या सांध्याचं पुढचं आवरण आधीच सैल असतं. तरीही टँकच्या काठावर साथीदाराने दोन्ही हात मागे ओढून ‘छाती उघडण्याची’ पद्धत सुरूच आहे. टेबलावरही खांद्याचं डोकं पुढे ढकलणारी तंत्रं सरसकट वापरली जातात. सैल सांधा अजून सैल केला की त्याला धरून ठेवायला स्नायूंना दुप्पट राबावं लागतं आणि आठवड्याभरात दुखणं वाढून परत येतं. तुमचा सांधा सैल आहे की आखडलेला, हे विचारून घ्या. उत्तर तपासणीवर आधारलेलं हवं.

दाब ० ते १० मध्ये ४–५ च्या पुढे नको. श्वास रोखला जातोय, दात आवळले जाताहेत, म्हणजे दाब जास्त आहे आणि स्नायू सैल होण्याऐवजी प्रतिकार करतोय. सुजलेल्या स्नायुबंधावर, विशेषतः खांद्याच्या पुढच्या दोरीसारख्या भागावर, जोरात घासू देऊ नका. हातांचं काम २०–२५ मिनिटांत आटोपतं. तासभर मालिश म्हणजे तिप्पट फायदा असं गणित नाही.

तपासा: टेबलावरून उठताच टप्पा २ मधल्या चाचण्या पुन्हा करा. काहीच बदललं नसेल तर त्या तंत्राचा या दुखण्याशी संबंध कमी आहे, पुढच्या वेळी ते बदलायला सांगा.

### खांद्याव्यतिरिक्त

गुडघा: ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. दाबायचा गुडघा नव्हे, बघायचा खुबा. खुबा आत वळत नसेल तर किकची पिरगळ गुडघ्यावर येते. मांडीच्या आतले स्नायू आणि खुब्याचा सांधा यांवर काम करून घ्या आणि तोवर ब्रेस्टस्ट्रोकची किक थांबवा.

कंबर: बटरफ्लाय आणि डॉल्फिन किकने येणाऱ्या दुखण्यात कंबर आणखी मागे वाकवणारे ताण टाळा. पाठीचा वरचा भाग आणि मांडीच्या पुढचे स्नायू मोकळे केले की कंबरेचं काम कमी होतं.

मान: एकाच बाजूला श्वास, किंवा डोकं उचलून श्वास, ही नेहमीची कारणं. मानेच्या मुळाशी आणि पाठीच्या वरच्या मणक्यांवर सौम्य मोबिलायझेशन पुरतं. मान झटक्याने ‘कट्’ करण्याचा आग्रह धरू नका आणि कोणी तुम्हाला धरला तर नाही म्हणा. तेवढा फायदा कमी जोखमीच्या तंत्रांनी मिळतो.

## टप्पा ६: त्याच दिवशीचा व्यायाम

उपचारानंतर तासाभरात, शक्यतो तिथेच, हलका व्यायाम करा:

1. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात पुस्तकाच्या पानासारखा मागे उघडणं. दोन्ही बाजूंना ८ वेळा.
2. कोपर कमरेला, पंजाची मागची बाजू भिंतीला. भिंत बाहेर ढकला, अर्ध्या ताकदीने, ३० सेकंद. ५ वेळा.
3. भिंतीवर पुश-अप. हात सरळ झाल्यावर पाठ थोडी आणखी मागे ढकला, म्हणजे फरा बरगड्यांभोवती पुढे सरकतो. १० चे २ सेट. हा शेवटचा ढकलच महत्त्वाचा आणि नेमका तोच गाळला जातो.

पुढच्या दिवसांत एक दिवसाआड रबरी पट्ट्याने हात बाहेर वळवणं, पट्टा मागे ओढणं आणि पालथं झोपून हात इंग्रजी ‘Y’ अक्षरासारखे उचलणं: प्रत्येकी १२–१५ चे ३ सेट. वजन वाढवण्याची घाई नको, मान आखडून खांदे कानाकडे जात असतील तर पट्टा जड आहे. स्नायुबंध भार पेलायला ६ ते १२ आठवडे घेतो. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं आणि बहुतेक लोक व्यायामही तेव्हाच थांबवतात.

## टप्पा ७: पुन्हा पाण्यात

खोल मसाजनंतर २४ तास पोहू नका. फक्त सांध्याचं हलकं काम झालं असेल तर त्याच दिवशी सावकाश पोहायला हरकत नाही.

पहिला आठवडा दुखापतीआधीच्या अंतराच्या निम्म्यावर. दर ५० मीटरला थांबा, २०० मीटरनंतर आकडा तपासा. पोहताना दुखणं ३ पर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ पातळीवर आलेलं असेल तर पुढे चला. सकाळी आकडा चढलेला असेल तर मागच्या दिवसाचं अंतर जास्त होतं, तेवढं कमी करा. पुढे आठवड्याला १० ते २० टक्के वाढ.

परतीचा क्रम: आधी अंतर, मग फिन काढणं, मग वेग, मग बटरफ्लाय, सर्वांत शेवटी पॅडल, तेही छोटे. एका आठवड्यात दोन गोष्टी वाढवल्या आणि दुखलं, तर कशामुळे दुखलं ते कळत नाही.

स्ट्रोकची दुरुस्ती याच काळात करा, कारण अंतर कमी असताना आणि हात ताजा असताना नवी सवय लागते. हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी पाण्यात, अंग दोन्ही बाजूंना पुरेसं वळलेलं.

## टप्पा ८: किती वेळा, आणि कधी बंद

पहिले दोन आठवडे आठवड्यातून एक-दोनदा, नंतर एकदा. चौथ्या भेटीला वही उघडून बसा. किती मीटरला दुखतं, सकाळचा आकडा, तीन चाचण्या, यांत काहीच हललं नसेल तर पाचवी भेट ठरवू नका. डॉक्टरांकडे जा, गरज असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय होईल. त्या अहवालातल्या झीज, सूज या शब्दांनी घाबरू नका, काहीही न दुखणाऱ्या पोहणाऱ्यांच्या खांद्यांतही ते बदल बऱ्याचदा दिसतात. अहवाल आणि तपासणी जुळते का, हे डॉक्टरांना विचारा.

उपचारानंतर २४ ते ४८ तास जागा थोडी हुळहुळी राहणं ठीक. काळे-निळे डाग, बधिरपणा, किंवा दोन दिवसांनंतरही वाढतं दुखणं म्हणजे दाब चुकला. ‘त्रास झाला म्हणजे लागू पडलं’ या समजुतीला काही आधार नाही.

## घरी चेंडू आणि रोलर

टेनिसचा चेंडू भिंतीला लावून खांद्याच्या मागच्या बाजूवर, आणि छातीवर गळपट्टीच्या हाडाखाली तीन-चार बोटं, काखेकडच्या बाजूला: प्रत्येक जागी एक-दीड मिनिट. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात, काखेत, मानेच्या पुढच्या भागात आणि गुडघ्यामागच्या खोबणीत चेंडू लावू नका. रोलर पाठीच्या वरच्या भागापुरता, फऱ्यांच्या खालच्या टोकापर्यंत. कंबर आणि मान त्यावर लोळवू नका. यानंतरही टप्पा ६ मधला दुसरा-तिसरा व्यायाम करायचाच.

## शर्यतीचा आठवडा

खोल काम शर्यतीच्या किमान तीन दिवस आधी संपवा. शर्यतीच्या दिवशी फक्त १०–१५ मिनिटं हलका, भराभर हात, आणि लगेच सुक्या जमिनीवरचा वॉर्म-अप. या आठवड्यात नवीन तंत्र, नवीन थेरपिस्ट नको. तेल लावलं असेल तर साबणाने धुवा, विशेषतः तळवे, कोपरापुढचा हात आणि कपाळ. नाहीतर पाण्यावरची पकड सुटते आणि टोपी-गॉगल घसरतात. चिकटपट्टी वापरणार असाल तर ती कोरड्या, तेल नसलेल्या त्वचेवर, पाण्यात उतरण्याआधी किमान तासभर लावा आणि टोकं गोल कापा, चौकोनी टोक पहिल्या काही लॅपमध्येच उचलतं.